मॉरिशसचं स्वातंत्र्य, राइडच्या किनाऱ्यावर

"आयल ऑफ वाइटला नेशील का मला?" लंडनच्या हॅरो भागातल्या आमच्या शेजारच्या सुशीलामावशींनी विचारलं, म्हणून मी गेले. मावशी मॉरिशसच्या मराठी. तरुणपणी नर्सिंगसाठी इंग्लंडला आल्या, इथेच निवृत्त झाल्या. त्यांची शाळेतली मैत्रीण मरी त्या बेटावरच्या राइड गावात राहायची आणि आता मुलीकडे कायमची ऑस्ट्रेलियाला निघाली होती. दोघी १९६८ साली, देश स्वतंत्र होताना भांडल्या. त्यानंतर बोलणं नाही. परवा मरीचा फोन आला होता.

लंडनच्या वॉटर्लू स्टेशनहून पोर्ट्समथ हार्बरची ट्रेन घ्या. बोटीसकट एकच तिकीट मिळतं. वीकेंडला मात्र आधी बुक केलेलं बरं.

ट्रेनमध्ये मावशींनी मला मॉरिशसचा इतिहास सांगितला. बेटावर आधी वस्तीच नव्हती. डच आले, कंटाळून गेले. फ्रेंचांनी उसासाठी गुलाम आणले. मग इंग्रज आले. गुलामी संपल्यावर मजूर म्हणून भारतीय आणले गेले. त्यांत मावशींचे पणजोबा, रत्नागिरीकडचे.

"मरीचे पूर्वज गुलाम," त्या म्हणाल्या. "तिच्या वडिलांनी स्वातंत्र्याविरुद्ध मत दिलं. जवळजवळ निम्म्या देशानं दिलं होतं."

पोर्ट्समथहून पलीकडे जायला अर्धा तासही लागत नाही. राइडला धक्क्यावरच मरी काठी टेकून उभी होती. मिठी वगैरे काही नाही. किनाऱ्यावरच्या कॅफेत आम्ही खेकड्याचं सँडविच मागवलं (छान असतं, नक्की खा) आणि दोघी क्रिओलमध्ये सुरू झाल्या. ती फ्रेंचवरून घडलेली त्यांची बोली; मला एक अक्षर कळेना. आवाज चढले, तेव्हा मरी माझ्याकडे वळून इंग्रजीत म्हणाली, "माझे वडील वाईट नव्हते. घाबरले होते. बहुसंख्य तुमचे, आमचं काय होणार?"

"आम्हीपण घाबरलो होतो," मावशी म्हणाल्या. "दंगली झालेल्या, रस्त्यावर गोरे सैनिक. झेंडा वर चढताना मी आईचा हात सोडला नाही."

"मला वाटलं, तू नाचत असशील."

"विचारलंस कधी?"

मरीनं उरलेलं अर्धं सँडविच मावशींच्या ताटलीत सरकवलं. मावशींनी ते खाल्लं.

परतीच्या बोटीत मी विचारलं, "मिटलं का?"

"छे! ती अजून म्हणते, तिच्या वडिलांचं बरोबर होतं."

मरी ऑस्ट्रेलियाला गेली. मी मॉरिशसवर बरंच वाचलं. तारखा लक्षात राहत नाहीत. रविवारी सकाळी भिंतीपलीकडून मावशींचा फोनवर चढलेला आवाज येतो, सगळा क्रिओलमध्ये. माझा नवरा म्हणतो, बेल वाजवून बघ जरा, काय झालंय. मी जात नाही. त्यांचं चालू दे.