भोंगा पाडायला पाच रविवार

शाळेत मी मराठीची कडक बाई म्हणून ओळखली जाते. मी नववीच्या वर्गात शिरले की पंख्याचा आवाज ऐकू येतो. तीच मी दर रविवारी दुपारी चार वाजता जुळे सोलापूरच्या फ्लॅटमध्ये बाल्कनीचं दार लावून, कानात इअरफोन घालून मोबाइलवर राक्षस मारत बसते, हे शाळेत कुणालाही माहीत नाही. पाय मोडला आणि दीड महिना प्लास्टरमध्ये पडून होते, तेव्हा हा नाद लागला. प्लास्टर निघालं, नाद काही सुटला नाही.

ऑनलाइन गेम आहे. पाच जणांचा गट करून जायचं आणि समोर येईल त्याच्याशी लढायचं. प्रत्येक जण आपापल्या घरी, आवाज मात्र सगळ्यांचा कानात. आमचे म्होरके म्हणजे मोहोळचे एक मेडिकल दुकानवाले. ते जादूची आग फेकतात. अक्कलकोटकडचे एक एसटी कंडक्टर कुऱ्हाड चालवतात, घरात कानडी बोलतात. सोलापूरच्या पूर्व भागातल्या तेलुगू विणकर घरातली एक मुलगी टॉवेलच्या कारखान्यात डिझाइन करते, ती लांबून बाण मारते. घायाळ झालेल्यांना बरं करण्याचं काम माझं. मेडिकलवाल्यांनी त्याला पहिल्याच दिवशी ‘मलम’ म्हटलं, तेव्हापासून मी मलमवाली. पाचवी जागा ढालीची. ढालवाला राक्षसाच्या पुढ्यात उभा राहतो, सगळे तडाखे अंगावर घेतो आणि राक्षसाला हवं तिकडं ओढत नेतो. ढाल पडली की बाकीचे चौघं अर्ध्या मिनिटात संपतात.

आमचा आधीचा ढालवाला गेम सोडून गेला आणि नेमके आम्ही भोंग्याशी अडलो. गेममध्ये त्या राक्षसाचं नाव लांबलचक आहे. पण मोठा घाव घालण्याआधी तो जो आवाज काढतो तो ऐकून कंडक्टर म्हणाले, ‘‘हे तर आपल्या गिरणीचा भोंगा की हो!’’ मग तेच नाव पडलं. गोल दगडी अंगण, चार बाजूंना चार दारं, प्रत्येक दारावर एक दिवा. भोंगा वाजला की एक दिवा पेटतो. पाच सेकंदांत ढालवाल्यानं राक्षसाला त्या दारापाशी न्यायचं, म्हणजे घाव दारावर बसतो आणि दार फुटतं. चारही दारं दोनदा फुटली की राक्षसाचं चिलखत उतरतं. चुकलं, तर घाव आमच्यावर. अडचण अशी की राक्षसाच्या पायाशी असलेल्या ढालवाल्याला दिवे दिसतच नाहीत. ते दिसतात फक्त मागच्या ओट्यावरून, आणि ओट्यावर मी उभी.

मेडिकलवाले म्हणाले, ‘‘करकंबचा एक जण आणतोय. ट्रॅक्टरचं गॅरेज आहे त्याचं. ढाल एक नंबर धरतो.’’

करकंब म्हटल्यावर मी कान टवकारले. माझं माहेर करकंबचं आणि माझ्या धाकट्या भावाचं तिथं ट्रॅक्टरचं गॅरेज आहे. दोन वर्षं आम्ही बोललो नव्हतो.

कारण सांगायला मला अजून लाज वाटते. आमच्या या फ्लॅटची वास्तुशांत होती. हॉलमध्ये शाळेतले सहकारी बसले होते, मुख्याध्यापक होते. भाऊ कामावरून थेट आला होता. दारात उभं राहून त्यानं विचारलं, ‘‘आक्का, हितं बसू का तितं?’’ आणि मी सगळ्यांसमोर म्हणाले, ‘‘अरे, इथं, तिथं म्हण. माझ्या वर्गातली पोरंसुद्धा तुझ्यापेक्षा शुद्ध बोलतात.’’ लोक हसले. तोही हसला. मग चप्पल घालून खाली गेला तो वर आलाच नाही. मी फोन केले, त्यानं उचलले नाहीत. चार-पाच वेळा करून मीही हट्टाला पेटले. मी मोठी, मी का झुकायचं?

पहिल्या रविवारी नवा ढालवाला बोलला, ‘‘नमस्कार मंडळी. हा भोंगा पाडायपुरता आलोय बगा. पडला की मी मोकळा. ऊस सुरू झाला की गॅरेजात श्वास घ्यायला येळ नसतो.’’

तोच होता. मी घसा खाकरून म्हणाले, ‘‘मलम माझ्याकडं आहे. दिवेही मीच सांगणार.’’

पलीकडं पाना खाली पडल्यासारखा आवाज आला. मग अगदी परक्या माणसाशी बोलावं तसं, ‘‘बरं. तुमी सांगा, आमी जातो.’’

तुमी! मी त्याला कडेवर घेऊन वाढवलेला. डोक्यात तिडीक गेली आणि डोळ्यांत पाणीही आलं. पण बाकीच्या तिघांना यातलं काहीच ठाऊक नव्हतं.

त्या दिवशी माझ्यामुळंच सगळे मेले. भोंगा वाजला, माझ्या बाजूचा दिवा पेटला, मी ओरडले, ‘‘इथं! इथं!’’ मागून राक्षसाच्या डरकाळ्या, त्यात सगळ्यांचे माइक खरखरणारे. कुणाला इथं ऐकू आलं, कुणाला तिथं. पुढच्या खेपेला मी ‘तिथं’ म्हणाले तर भाऊ सरळ माझ्याकडं आला. आणि माझं ‘इथं’ म्हणजे त्याचं इथं नव्हेच, तो कुठं उभा आहे त्यावर ते ठरणार. हे मराठीच्या बाईला पाच वेळा मरेपर्यंत सुचलं नाही. मुलगी म्हणाली, ‘‘आमच्या तेलुगूतही इक्कड, अक्कड. तेच होणार.’’ कंडक्टर म्हणाले, ‘‘कानडीत इल्ली, अल्ली. सगळ्यांचं रडगाणं एकच.’’ भावानं टोमणा मारला नाही. मारला असता तरी चाललं असतं मला.

तोड कंडक्टरांनीच काढली. ‘‘नाके म्हणा की हो ताई. वरचं दार तुळजापूर नाका, खालचं विजापूर, उजवीकडचं हैदराबाद, डावीकडं पुणे नाका. सोलापूरचा माणूस झोपेतसुद्धा चुकणार नाही.’’ मेडिकलवाल्यांना ते इतकं आवडलं की त्यांनी बाकीची आखणीही तिथंच पक्की केली. आधी राक्षसाची पिलं मारायची, मग राक्षस. भोंगा वाजत असताना कुणीही हत्यार उचलायचं नाही, उचललं की तो ढाल सोडून त्याच्याकडं वळतो. आणि माझं मोठं मलम, जे एका लढाईत एकदाच मिळतं, ते शेवटच्या भोंग्यानंतर ढालीसाठी राखून ठेवायचं. चिलखत उतरलं की राक्षस पिसाळतो आणि ढालीवर लागोपाठ तीन घाव घालतो. दोन सोसतात. तिसरा मलमाशिवाय सोसत नाही.

दुसऱ्या रविवारी नाक्यांनी कमाल केली. ‘‘तुळजापूर!’’ म्हटलं की भाऊ तुळजापूरला. ‘‘पुणे!’’ म्हटलं की पुण्याला. सात दारं फुटली. आठव्याला मी ‘‘विजापूर! विजापूर!’’ ओरडले आणि हा हैदराबादला गेला. आम्ही सगळे आडवे. तिसऱ्या रविवारी पुन्हा तेच, पुन्हा शेवटच्या दाराला. मी वर्गात ओरडते तशी ओरडले, ‘‘अहो ढालवाले, कान आहेत ना?’’

‘‘चुकलं बगा,’’ तो म्हणाला. ‘‘फुडच्या रविवारी बगू.’’

त्या रात्री जेवताना माझ्या लक्षात आलं की मला राग आलेलाच नव्हता. मला बरं वाटलं होतं. आणखी एक रविवार मिळाला होता. तो मला ‘तुमी’ म्हणत होता, तरी तासभर त्याचा आवाज कानात होता. शिंकला की कळायचं. गॅरेजात कुणाला तरी ‘पाना दे’ म्हणायचा तेही ऐकू यायचं. भोंगा पडला की हे संपणार होतं. म्हणून पुढचा आठवडाभर मी जो विचार करत राहिले, तो कडक बाईला शोभणारा नव्हता.

चौथ्या रविवारी आठही दारं फुटली. चिलखत गळून पडलं. मेडिकलवाले ओरडायला लागले, ‘‘मारा, मारा, थोडंच उरलंय!’’ राक्षसाच्या जिवाची लाल पट्टी नखाएवढी उरली होती. पहिला घाव ढालीवर बसला. दुसरा बसला. माझा अंगठा मोठ्या मलमावर होता. नुसता टेकवायचा होता.

मी टेकवला नाही.

तिसऱ्या घावाला भाऊ पडला, मग आम्ही सगळे. मुलीनं हळूच विचारलं, ‘‘ताई, बोट अडकलं का तुमचं?’’

‘‘नेट गेलं,’’ मी म्हणाले. वर्गात खोटं बोलणाऱ्या पोराला मी अर्धा तास उभं करते.

भाऊ त्या दिवशी ‘फुडच्या रविवारी’ वगैरे काही म्हणाला नाही. त्याचं नाव पडद्यावरून लगेच गेलं. तेव्हा मला भीती वाटली. त्याच्या बाजूनं हे कसं दिसलं असेल, हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. बहिणीच्या हातात औषध होतं आणि तिनं दिलं नाही. दोन वर्षांपूर्वी लोकांसमोर अपमान केला, आणि आता हे. पुढचे सहा दिवस मी मोबाइल हातात घ्यायची आणि ठेवून द्यायची.

पाचव्या रविवारी तो आला. आवाज कोरडा. ‘‘आज पाडायचाच. मला फुडं येळ न्हाय.’’

पिलं मेली. पहिला भोंगा, तुळजापूर. दुसरा, हैदराबाद. तो एकदाही चुकला नाही, एक शब्दही जास्त बोलला नाही. मी नाका सांगायची, तो दार फोडायचा. सात दारं. आठवा भोंगा वाजला, विजापूरचा दिवा पेटला. मी क्षणभर गप्प राहिले. नुसतं चुकीचं नाव घेतलं असतं तरी पुरे होतं. मेडिकलवाले म्हणाले, ‘‘ताई! कुठं?’’

‘‘विजापूर,’’ मी म्हणाले. तो विजापूरला गेला. दार फुटलं.

चिलखत गळालं. राक्षस पिसाळला. कंडक्टरांची कुऱ्हाड, मुलीचे बाण, मेडिकलवाल्यांची आग, सगळं एकदम. पहिला घाव. माझा अंगठा पुन्हा त्या मलमावर. आज लावलं तर तो जातो, आणि आज लावलं नाही तर मागच्या रविवारी मी डूख धरला होता असं ठरतं. मला दोन्ही नको होतं. दुसरा घाव बसला. भावाच्या जिवाची पट्टी जवळजवळ दिसेनाशी झाली, आणि अंगठा होता तिथंच राहिला.

‘‘आक्का! बग की माज्याकडं!’’

मी अंगठा इतक्या जोरात दाबला की मोबाइल हातातून निसटून मांडीवर पडला. तो उचलून सुलटा करेपर्यंत कानात सगळे ओरडत होते. राक्षस पडला होता. मुलगी तेलुगूत काहीतरी किंचाळत होती, कंडक्टर डबल बेल दिल्यासारखं ‘‘टिंग टिंग!’’ करत होते.

मेडिकलवाल्यांनी विचारलं, ‘‘ते आक्का कुणाला म्हणालात हो तुम्ही?’’

पण ते उत्तरासाठी थांबले नाहीत. ते समंजस माणूस आहेत. ‘‘चला, दुकान उघडायचंय,’’ म्हणाले आणि गेले. त्यांच्या मागोमाग बाकीचे दोघंही गेले. पडद्यावर दोनच नावं उरली. त्याचं जाईल म्हणून मी बघत राहिले. ते जात नव्हतं.

‘‘मागच्या रविवारी नेट गेलं नव्हतं,’’ मी म्हणाले.

‘‘ठावं हाय मला.’’ आवाज चिडलेला होता. ‘‘म्हणलं, हिचा राग अजून गेला न्हाय. म्हणून आज पाडायचा आन सुटायचं ठरवून आलतो.’’

‘‘राग नव्हता रे. भोंगा पडला की तू जाणार होतास, म्हणून लावलं नाही. तो उभा राहिला तर तू परत येशील वाटलं. आणि वास्तुशांतीला मी बोलले ते फार वाईट बोलले. माझं चुकलं.’’

पलीकडं नुसती गॅरेजातली ठोकठोक. ती थांबली. तो कुणाला तरी ‘चा घिऊन ये जा’ म्हणाला. मग माइकजवळ येऊन हळू आवाजात म्हणाला, ‘‘आक्का, मला काय विजापूर नाका म्हाईत न्हाय व्हय?’’

मला कळायला वेळ लागला. मग कळलं, आणि दोन रविवारांची दोन हैदराबादं डोळ्यांसमोर आली. ‘‘गाढवा,’’ मी रडतच ओरडले, ‘‘त्या बिचाऱ्या तिघांचे दोन रविवार फुकट घालवलेस!’’

‘‘तीन,’’ तो म्हणाला. ‘‘त्यातला येक तुजा.’’