मैंदर्गीपर्यंत न थांबता

धुळाप्पाच्या मोटारसायकलीला गल्लीत सगळे ‘खाट’ म्हणत. म्हणणाऱ्यांचा फारसा दोष नव्हता. बसायची जागा बुटकी, हँडल रुंद, पाय पुढं पसरलेले, पाठ मागं रेललेली. स्वस्तातली, लहान इंजिनाची का असेना, पण ती क्रूझर होती. तिच्यावरून धुळाप्पा निघाला, की हा माणूस कामाला चाललाय की वामकुक्षीला, हे समोरच्याला कळत नसे.

तो चालायचा कामालाच. टॉवेलच्या कारखान्यात पॅकिंगला होता, वय सेहेचाळीस. आजा आणि बाप अक्कलकोटच्या बाजूला मेंढरांमागं जन्मभर हिंडले. धुळाप्पा शहरात आला, मेंढरं गेली, पण जिवापाड काहीतरी सांभाळायची खोड अंगात राहिली. ती सगळी आता गाडीच्या वाट्याला आली होती.

रविवारी पहाटे उठून तो साखळी रॉकेलनं आणि जुन्या टूथब्रशनं धुवायचा. मग एकेका कडीला तेलाचा एकेक थेंब. टायरची हवा बघायची, बॅटरीचं पाणी बघायचं, कारखान्यातल्या रद्दी टॉवेलानं मडगार्ड असं पुसायचं की त्यात तोंड बघून मिशा कातराव्यात. शेवटी इंजिन चालू करून त्यावर हात ठेवायचा. मेंढराचा ताप कान धरून बघतात, त्याच सवयीनं. इंजिन म्हणजे कान नव्हे, हे त्याला दोनदा भाजूनही पटलं नव्हतं.

“मी चार दिस डोकं दुखतंय म्हणतीया, ते ऐकू येत न्हाय,” त्याची बायको राजाबाई शेजारणीला सांगे. “गाडीचं टायर नरम पडलं की सपनात कळतंय ह्यांस्नी.”

ही राजाबाई गाडीवर बसत नसे. धुळाप्पाच्या मनाला लागून राहिलेली एवढी एकच गोष्ट होती. गाडी घेतली तेव्हा पहिल्या रविवारी तो तिला बाजारात घेऊन गेला होता. गाडी लोण्यासारखी चालली. घरी उतरताना राजाबाई एवढंच म्हणाली, “कंबर मोडली बगा. मागचं सीट हाय का फरशी?” धुळाप्पानं ते मनावर घेतलं. कुणाला न सांगता त्यानं सीटचे बोल्ट काढले, पेटीतली बापाची घोंगडी काढली, तिच्या चार घड्या घालून सीटखाली दाबून बसवली आणि सीट परत आवळलं. मागची बाजू छान गुबगुबीत झाली.

दुसऱ्या रविवारी सात रस्त्याच्या चौकात सिग्नल हिरवा झाला, धुळाप्पानं ऐटीत अ‍ॅक्सिलेटर पिळला, आणि गाडी दोनदा खोकून मधोमध मेली. मागं बस, डावीकडं रिक्षा, सगळ्यांचे हॉर्न. नव्या इरकल लुगड्यातली राजाबाई खाली उतरून ढकलतेय, आणि एक रिक्षावाला ओरडतोय, “अम्मा, जोर लगाव!” त्या दिवशी तिनं हात जोडले. गाडीला नव्हे, नवऱ्याला. “साकु!” तिच्या तोंडून कानडीच निघालं. “बास झालं. तुमची खाट तुमालाच लखलाभ.”

तेव्हापासून गाडीचं हे दुखणं सुरू झालं. गल्लीबोळातून हळू चालवली तर चाले, मोठ्या रस्त्यावर जरा पळवली की धाप लागून बंद पडे. सात रस्त्यामागच्या बोळातला येडू मिस्त्री हुशार माणूस, पण त्यालाही ते सापडत नव्हतं. कसं सापडणार? येडूचे हात ग्रीसनं बरबटलेले. बापाच्या घोंगडीला डाग पडू नयेत म्हणून धुळाप्पा गॅरेजला निघण्याआधी ती सीटखालून अलगद काढून घरी ठेवायचा. गाडी येडूच्या दारात घोड्यासारखी धावायची. घरी आली की हा घोंगडी प्रेमानं परत आत घालायचा.

असं दोन वर्षं चाललं. प्लग बदलले, कार्ब्युरेटर धुतला, क्लचची वायर नवी टाकली. शेवटी येडू म्हणाला, “मामा, गाडीला कायबी झालेलं न्हाय. तुमीच एकदा तपासून घ्या की.”

अशात मैंदर्गीहून राजाबाईचा धाकटा भाऊ रुद्रप्पा आला. नवं घर बांधलं होतं, घरभरणीचं आमंत्रण द्यायला. त्याचा या गाडीवर पहिल्यापासून डोळा. “दाजी, माझी स्कूटी घ्या, ही मला द्या. आक्काबी बसंल मग मागं.” धुळाप्पाला झोंबलं. ही गाडी पन्नास किलोमीटर एका दमात जाते, असं तो बोलून गेला. राजाबाईनं तिथंच त्याला पकडलं. “मग घरभरणीला मी गाडीवरच येती. मैंदर्गीपतूर एकदाबी थांबली न्हाय, तर जल्मभर मागं बसंन. थांबली, तर तितंच रुद्रप्पाला द्यायची. कबूल?”

धुळाप्पा कबूल म्हणाला आणि आठ दिवस त्याला अन्न गोड लागलं नाही.

निघायच्या दिवशी त्यानं सगळं दोनदोनदा तपासलं. घोंगडी जरा सरकली होती, ती नीट खोचली. बायको बसणार होती ना! सात रस्ता त्यानं श्वास रोखून, बैलगाडीच्या वेगानं पार केला. कुंभारीपर्यंत तसाच रेंगाळत गेला. तिथं मागून एक टेंपो अंगावर आल्यासारखा झाला, त्यानं गाडी पळवली, आणि गाडी खोकली, थांबली.

“का थांबली?” राजाबाई.

“थांबली न्हाय. थांबवली,” धुळाप्पा तोंड न फिरवता म्हणाला. “इंजिनला इसावा द्यावा लागतोय.”

विसावा संपला, गाडी निघाली, आणि वळसंगच्या पुढं उघड्या रानात परत बंद पडली. आता विसाव्याची थाप चालण्यासारखी नव्हती. धुळाप्पा घाम पुसत उतरला. प्लग काढला, तो चुलीच्या कोळशासारखा काळा. पॉलिश पेपरनं घासून बसवला. गाडी सुरू झाली, पिळली की मेली. आता राहिला फ्यूज. म्हणून त्यानं सीट काढलं, घोंगडी उचलून राजाबाईच्या हातात दिली. तिनं ती लिंबाखाली पसरली आणि पाय लांब करून बसली.

फ्यूज हलवला, बटण दाबलं, आणि गाडी अशी गरजली की बांधावरचे बगळे उडाले.

“फ्यूज! फ्यूजच हुता!” धुळाप्पा जवळजवळ नाचला. “दे ती घोंगडी.” घडी घातली, दाबली, सीट आवळलं, अ‍ॅक्सिलेटर पिळला. खोक, खोक, बंद. परत सीट काढलं, घोंगडी काढली, फ्यूज हलवला, गाडी गरजली. परत घोंगडी, परत सीट, परत बंद. तिसऱ्या वेळी त्याच्या डोळ्यांत पाणीच यायचं बाकी होतं. गाडी जाणार होती. रुद्रप्पा तिच्यावर रेलून मैंदर्गीच्या बाजारात फिरणार होता, आणि आपण स्कूटीवर गुडघे जुळवून, शहाण्या मुलासारखं बसणार.

राजाबाई लिंबाखालून हे सगळं बघत होती. तीही मेंढरांत वाढलेली बाई. ती उठली, जवळ आली, सीटखाली वाकून बघितलं. घोंगडी जिथं बसायची, तिथंच एका काळ्या डब्याचं तोंड उघडं होतं.

“हितनं काय जातंय?”

“हवा. इंजिनला हवा लागती की.”

“मग त्या तोंडात घोंगडी कशापाय कोंबताय? मेंढराचं नाक बांधलं तर ते पळंल का?”

दोन वर्षं, येडूच्या गॅरेजचे हेलपाटे, नवे प्लग, नवी वायर, सगळं धुळाप्पाच्या डोळ्यांपुढून गेलं. त्याला इतकी लाज वाटली की तो खाली मातीतच बसला.

“पर ही घातली कुणी?” तिनं विचारलं.

“मीच. तू कंबर मोडली म्हणली हुतीस न्हवं? पैल्या रविवारी.”

राजाबाई घोंगडीकडं बघू लागली. आपण एकदा सहज बोललेलं या माणसानं असं धरून ठेवलं, आणि दुसऱ्या रविवारी सीट मऊ कसं झालं, हे आपण कधी विचारलंही नाही. तिला हसू आलं. तिनं पदरानं त्याच्या कपाळावरची काजळी पुसायला घेतली, ती आणखीच पसरली. मग तिनं घोंगडी झटकली, सीटच्या वर नीट घातली आणि म्हणाली, “चला. उशीर हुतोय.”

तिथून गाडी सुटली ती अक्कलकोट मागं टाकून थेट मैंदर्गीत, रुद्रप्पाच्या नव्या दारातच थांबली. रुद्रप्पा स्कूटीची चावी बोटात फिरवत उभाच होता. चार पाहुणेही कौतुकानं गोळा झाले. धुळाप्पानं गाडी स्टँडला लावली, चावी काढली आणि मान खाली घालून मेव्हण्यापुढं हात लांब केला. बोललेला शब्द तो मोडणार नव्हता.

“आक्का, खरं सांग,” रुद्रप्पा म्हणाला. “वाटंत किती येळा बंद पडली?”

राजाबाईनं नवऱ्याच्या हातातली चावी काढून घेतली आणि आपल्या कमरेला खोचली.

“एकदाबी न्हाय.”

“मग दाजींचं हात, तोंड काळं कशानं झालं?”

“वळसंगच्या म्होरं एकाची गाडी बंद पडली हुती. बिचारा उनात रडकुंडीला आला हुता. ह्यांनी नीट करून दिली.”

“व्हय? काय बिगडलं हुतं?”

“काय न्हाय रं,” राजाबाई उंबऱ्याकडं वळत म्हणाली, “बायकोची लई काळजी करत हुता.”