पानाबाईचा गोडाचा नेम

वऱ्हाडातल्या कारंजा गावात पानाबाईच्या हातचा चहा एकदा प्यायलेला माणूस दुसऱ्यांदा तिच्या घरी जाताना मनाची तयारी करून जायचा. चहा इतका गोड, की ओठाला ओठ चिकटायचे. तिचे यजमान अमृतलाल यांचं बाजारात कापडाचं दुकान होतं, घरी येणंजाणं बरंच. लिंबाचं सरबत असो, कैरीचं पन्हं असो, पानाबाईची साखरेची मूठ कधी आखडली नाही. ताकातसुद्धा ती साखर घालायची. पाहुण्याला जेवढं गोड द्यायची, त्याहून थोडं जास्त स्वतःच्या पेल्यात.

१९३४च्या उन्हाळ्यात ती वाळायला लागली. तांब्याभर पाणी प्यायलं तरी तहान जाईना. घरी भांड्यांना येणारी गोजराबाई एक दिवस दबकत म्हणाली, "बाई, तुमी मोरीत जाऊन आल्या का तिथं मुंग्यायची रांग लागते. माह्या सासऱ्याचंबी असंच होतं."

"मंग काय झालं त्याइचं?"

गोजराबाई राखेनं पातेलं घासत राहिली.

अमृतलाल तिला अकोल्याच्या डॉक्टरकडे घेऊन गेले. डॉक्टरनं काचेच्या नळीत निळं औषध घेतलं, त्यात तिच्या लघवीचे थेंब टाकले आणि नळी दिव्यावर धरली. निळं पाणी बघता बघता विटेसारखं लाल झालं. "साखर बंद," डॉक्टर म्हणाला.

पानाबाईनं साखर बंद केली आणि चहात गूळ टाकायला लागली. अमृतलाल रागावले तर म्हणायची, "डॉक्टरनं साखर म्हटलं. गुळाचं नाव तरी काढलं का त्यानं?" त्यांनी गुळाचा डबा कुलपात टाकला, तेव्हा ती दुपारी शेजारच्या अंगुरीबाईकडे बसायला जायला लागली. अंगुरीबाईला आजाराचं ठाऊक नव्हतं. ती आपली चहा करून द्यायची.

दिवाळीच्या सुमारास उंबऱ्याची ठेच लागून पानाबाईच्या पायाचा अंगठा फुटला. एवढीशी जखम, पण पौष आला तरी ओलीच. पुन्हा अकोला झालं. डॉक्टरनं अमृतलालना बाहेर नेऊन सांगितलं, की सडणं वर चढलं तर अंगठा कापावा लागेल. दार उघडंच होतं. आत बाकावर बसलेल्या पानाबाईनं सगळं ऐकलं.

घरी आल्यावर तिसऱ्या दिवशी सकाळी ती आंघोळ करून, लंगडत जैन मंदिरात गेली. तिथं एक वयस्कर ब्रह्मचारीजी मुक्कामाला होते. मीठ, तूप, दूध, दही, तेल, गोड यांतला एखादा रस काही काळ सोडणं तिच्या समाजात नवीन नव्हतं. तिची सासू तर दर चातुर्मासात तूप सोडायची.

"मले दोन वरसाचा नेम द्या," पानाबाई म्हणाली. "गोड सोडतो म्या."

"आजारासाठी घेता का?" ब्रह्मचारीजींनी विचारलं.

"हो. पथ्य माह्यानं पाळलं जात नाई. नेम मोडायची मात्र छाती होत नाई."

ते म्हणाले, "भीतीनं घेतलेल्या नेमाचं पुण्य किती, ते मला सांगता येणार नाही. पण घ्या."

पहिले दोन महिने फार वाईट गेले. बिनसाखरेचा चहा तिनं पहिल्या दिवशी मोरीत थुंकला. पाहुण्यांचं सरबत करायची, पण चव बघायला गोजराबाईला हाक मारायची. तरी नेम पाळला. चैत्रात जखम सुकली आणि वैशाखात ती पायात वहाण घालून मंदिरापर्यंत चालत गेली.

ज्येष्ठात अमृतलाल दुकानाचा माल आणायला अकोल्याला गेले. येताना कोटाच्या खिशात एक छोटी बाटली घेऊन आले. आत ज्वारीच्या दाण्याएवढ्या पांढऱ्या गोळ्या. "हे पाह्य," ते म्हणाले. "साखर नाई हे. साकरीन म्हणतात. डॉक्टरनंच सांगतलं. तुले चालते."

"कायची करतात?"

"दगडी कोळशातून काढतात म्हणे."

"अन् कोळसा गोड लागते?"

त्यांनी चहा करायला लावला, स्वतः एक गोळी टाकून ढवळली आणि कप तिच्यापुढं ठेवला. पानाबाईनं कपाकडं पाहिलं. वाफ येत होती. पाच महिने तिच्या जिभेला गोड लागलं नव्हतं.

"नेम साखरेचा हाये ना तुहा?" अमृतलाल म्हणाले.

"म्या साखर म्हटलं नाई. गोड म्हटलं."

"अवं, ह्यात काई नाई. नुसता जिभेले भास होते."

"जिभेलेच तं आवरून राह्यली म्या," ती म्हणाली आणि कप सरकवला.

अमृतलालना वाईट वाटलं. एवढ्या हौसेनं आणलेलं. त्यांनी तो चहा स्वतः प्यायला आणि तोंड वाकडं केलं. पुढं कधीतरी पानाबाईनं गोजराबाईला सांगितलं, की गुळाचा डबा कुलपात गेला तेव्हा जेवढा त्रास झाला नाही, तेवढा त्या कपानं दिला. मंदिरात तोंडातून 'साखर' हा शब्द निघाला असता, तर ती तो चहा प्यायली असती. आणि पुढं आणखी कशाकशाला वाट मिळाली असती, हे ती गुळावरून समजून होती.

दोन वर्षं झाली. नेम संपला त्या सकाळी अमृतलालनी आपल्या हातानं फळीवरची बाटली काढली. ह्या वेळी पानाबाई साकरिनचा चहा प्यायली, पण ते समोर बसले होते म्हणूनच तिनं तो संपवला.

"कसा हाये?"

"गोड हाये. पण मांगून कडू येते. दुधाचीच चव बरी लागते आता."

चहात तिनं पुन्हा काही टाकलं नाही. लिंबाच्या सरबतात मात्र गोळी तिला चालली. लिंबू आणि मिठात तो कडवटपणा लपायचा.

पुढं महायुद्धाच्या दिवसांत साखर मिळेनाशी झाली. अख्ख्या गावाच्या चहात गोळ्या आल्या आणि जो तो कडू लागतं म्हणून कुरकुरायला लागला. सगळ्यांत जास्त अमृतलाल. गोळी कशी टाकायची ते अंगुरीबाई विचारायला आली, तर पानाबाईनं सांगितलं, "अर्धीच टाक, अन् चहा उतरवल्यावर टाक. तू उकळून राह्यली असशील."

त्याच सुमारास धनजचे शेतकरी उकंडराव पानाबाईच्या नेमाचं ऐकून आपल्या बायकोला घेऊन आले. कस्तुराबाई तिचं नाव. तिलाही हीच बिमारी निघाली होती आणि ती कोणाचंच ऐकत नव्हती. उकंडराव म्हणाले, "बाई, इलेबी नेम द्या म्हणा कोणाले."

"नेम असा दुसऱ्यानं देऊन होते काय?" पानाबाई म्हणाली. आत जाऊन तिनं सरबत केलं, अर्धी गोळी टाकून. कस्तुराबाईनं घोट घेतला, पेला पाहिला, पुन्हा प्यायली.

"ह्यात साखर नाई?"

"नाई."

"मंग आणखी द्या थोडं."

उकंडरावांनी गोळ्या मिळणाऱ्या अकोल्याच्या दुकानाचा पत्ता विचारला. अमृतलालनी तो कापडाच्या दुकानातल्या कागदावर लिहून दिला.