डावी कळी

ही गोष्ट मी बायकोला सांगितलेली नाही. आव्वा, माझी आई, गेली तेव्हा तिच्या उशाशी मी एकटाच होतो, तिलाही सांगितली नाही. मग तुम्हाला का सांगतोय? तुम्ही माझे कोणी लागत नाही म्हणून असेल. ओळखीच्या माणसाच्या तोंडाकडे बघून हे बोलणं मला जमायचं नाही — एवढा शूर मी कधीच नव्हतो.

आमच्या लॉरीची गोष्ट तशी सगळ्यांना ठाऊक आहे. सोलापुरात आमच्या पेठेत कुणालाही विचारा. लुगडीवाल्या भावांनी जुनी लॉरी घेतली, ती मंद्रूपच्या रस्त्याला उलटली, थोरल्याचा पाय गेला. आणि मग आवाज खाली आणून पुढचंही सांगतील — घरच्या सुनेनं विटाळ लपवला, म्हणून. हे पुढचं खोटं आहे. ते खोटं आहे हे एकाच माणसाला माहीत आहे, आणि तो माणूस रोज सकाळी दुकान उघडतो, उदबत्ती लावतो, गिऱ्हाइकाला या बसा म्हणतो.

थांबा. आधी लॉरीचं सांगतो.

आमचा धंदा लुगड्यांचा. मागवाल्या विणकरांकडून माल उचलायचा आणि आठवड्याच्या बाजारांना न्यायचा — मंद्रूप, दुधनी, लांब करमाळ्यापर्यंत. बैलगाडीनं. अण्णाला, म्हणजे माझ्या थोरल्या भावाला, बैलगाडी पुरेशी वाटायची. मला तिची लाज वाटायची. मोटारी सुरू झाल्या होत्या, आमच्या बैलांच्या तोंडावर धुरळा उडवून जायच्या. तेवढ्यात खडीच्या एका ठेकेदाराची वापरलेली लॉरी विकायला निघाली. ही मोठी, मागे ताडपत्री, पुढे पितळी भोंगा. मी तो भोंगा एकदा दाबला आणि माझी अक्कल तिथंच गहाण पडली. सौदा व्हायच्या आधीच बाजारभर सांगून मोकळा झालो — आमची लॉरी येतेय. आता घेतली नसती तर लोक हसले असते. एवढंच कारण. याहून मोठं कारण मी वर्षानुवर्षं शोधतोय, पण नव्हतंच तर सापडणार कुठून?

अण्णा सावध माणूस. त्यानं ओळखीचा एक मिस्त्री गाडी बघायला आणला. मिस्त्री गाडीखाली शिरला, बाहेर आला, हात पुसत म्हणाला, "ये गाडी नक्को लेव अण्णा. पिच्छे का एक्सल टूटा सो है, झाळ मार को रखे हैं." मागच्या चाकांचा आस मोडलेला होता आणि वरवर सांधला होता. मी त्याला तिथल्या तिथं उडवून लावलं. याचं ठेकेदाराशी वाकडं आहे, म्हणालो. कशावरून? कशावरूनही नाही, सुचलं ते बोललो. अण्णा गोंधळला. आणि गोंधळलं की आमच्या घरात जे करतात तेच त्यानं ठरवलं — गावाकडच्या देवीला कौल लावायचा.

तुम्ही कौल पाहिला नसेल तर सांगतो. देवीच्या दोन्ही खांद्यांवर फुलाची एकेक ओली कळी चिकटवतात आणि हात जोडून बसतात. उजवी आधी पडली तर देवीचा होकार, डावी पडली तर नकार. आमच्याकडे सोयरिकी यावर ठरल्यात, विहिरी यावर खणल्यात. अण्णाच्या लेखी मिस्त्री माणूस होता, तो चुकू शकत होता. देवी कशी चुकेल?

आमचा गुरव म्हातारा, त्याचे हात कापायचे. म्हणून तो नुसती विचारणा करायचा आणि कळ्या घरच्याच कुणाला तरी लावायला सांगायचा. हे मला माहीत होतं. त्या दिवशी मीच पुढे झालो — भक्ती उतू चालल्यासारखा. कमरेला, धोतराच्या सोग्यात, पानात गुंडाळलेली थोडी खळ होती. खळ म्हणजे सुताला ताठपणा यावा म्हणून लावतात ती चिकट पेज, आमच्या गल्लीगल्लीत तिचा वास असतो. डावी कळी लावताना मी तिला खालून खळ फासली.

झालं. केवढंसं वाक्य आहे बघा. याच्यासाठी मी इतका घुटमळत होतो.

उजवी पडली. पडणारच होती. अण्णाच्या डोळ्यांत पाणी आलं, त्यानं देवीपुढे लोटांगण घातलं. सगळे बाहेर गेल्यावर डावी कळी मी नखानं खरडून काढली.

लॉरी दारात आली. वैनीनं, अण्णाच्या बायकोनं, तिला ओवाळलं, कुंकू लावलं. वैनी दुधनीची, घरी कानडी बोलणाऱ्यांतली. मराठी बोलताना अडखळायची, मी तिच्या नकला करायचो आणि ती पदर तोंडाला लावून हसायची. मूलबाळ नव्हतं. आव्वा त्यावरून टोचून बोलायची, पण आमच्या घराचा सगळा गाडा वैनीच ओढायची.

पावसाळा सरायच्या आत, मंद्रूपच्या बाजाराहून परतताना, ओढ्याच्या उतारावर आस मोडला. लॉरी मी चालवत होतो. मला खरचटलंसुद्धा नाही. अण्णाचा पाय गुडघ्यापासून कापावा लागला.

आता आमच्या घरातला विचार बघा कसा चालला. देवीनं उजवी दिली होती. देवी खोटी नाही. मग असं का झालं? म्हणजे कौलानंतर कुणाच्या तरी हातून काहीतरी घडलं. गुरव म्हणाला, पूजेत विटाळ झाला असेल. आणि आव्वाला आठवलं — लॉरीची पूजा झाली त्याच्या दुसऱ्या दिवशी वैनी बाजूला बसली होती. म्हणजे आदल्या दिवशीच बसायला हवं होतं. हिनं लपवलं आणि त्याच हातांनी ओवाळलं!

वैनीनं शपथा घेतल्या. घाबरली की तिची मराठी पळायची. "नान तप्प माडिल्ल," एवढंच पुन्हा पुन्हा — मी चूक केली नाही. अण्णा भिंतीला टेकून बसला होता, तो तिच्याकडे बघेना. मग ती माझ्याकडे वळली. "भावजी, तुमी तरी सांगा की. तुमचं ऐकत्यात सगळी."

नुसता गप्प बसलो असतो तरी आज स्वतःला भित्रा म्हणून भागलं असतं. मी गप्प बसलो नाही. मी म्हणालो, "देवी कशी खोटी बोलंल, वैनी?"

तेव्हा बोललो असतो तर माझं काय झालं असतं? घराबाहेर काढलं असतं, फार तर. धडधाकट होतो, कुठंही पोट भरलं असतं. तिला कुठं जागा होती? तिचा भाऊ येऊन तिला घेऊन गेला. अण्णानं दुसरं लग्न केलं नाही आणि तिला आणलंही नाही. कुबडी घेऊन अजून देवीला जातो, देवीचीच माफी मागतो. मी त्याला हात धरून पायऱ्या चढवतो. लोक म्हणतात, भाऊ असावा तर असा. मला तो हात झटकून टाकावासा वाटतो — स्वतःचाच. झटकत नाही.

दुधनीचा बाजार मी कितीतरी वर्षं टाळला, दुसऱ्यांना धाडलं. गेल्या साली कुणी मिळेना, जावं लागलं. वैनीनं मला रस्त्यात पाहिलं आणि ओट्यावर बोलावून ताक दिलं. केस पिकले होते. अण्णाच्या तब्येतीचं विचारलं, आव्वा शेवटी काय जेवली ते विचारलं. मग म्हणाली, अगदी निवांत, गाऱ्हाण्याचा सूरसुद्धा नाही — "भावजी, लई विचार केला मी. माजंच चुकलं असंल बगा. मला कळलं नसंल."

ओट्यावर आम्ही दोघंच होतो. ऐकायला तिसरं कुणी नव्हतं. सांगायला ते एक वाक्य पुरलं असतं.

मी ताक संपवलं. "असंल, वैनी," म्हणालो, आणि बाजाराला उठलो.