खाटेभोवतीचा पडदा

“हिला बोलता येतं का, का नुसतीच बसवलीय?”

शेजारच्या खाटेपाशी जमिनीवर पाय पसरून भाकरीवर लाल चटणी फासणाऱ्या बाईनं आपल्या सोबतिणीला विचारलं, आणि सोबतिणीनं माझ्याकडे न पाहताच उत्तर दिलं, “रूथबाईच्या जागंवर आलीय म्हनं. इंग्रजी साळंतली हाय. आपल्यावानी बोलायची तिला शरम वाटत आसंल.”

दोघी हसल्या. त्या हसण्यात दुष्टावा नव्हता. दुपारच्या जेवणाबरोबर तोंडी लावायला काही हवं असतं, तेवढंच. मी मांडीवरच्या रुमालाची घडी उलगडली आणि पुन्हा घातली. समोर खाटेवर भागाबाई डोळे मिटून पडल्या होत्या. त्यांच्या कानांवरून हे गेलं नसेल असं वाटून मला थोडं बरं वाटत होतं, तोच त्या डोळे न उघडता म्हणाल्या, “बोलती गं ती. मनातल्या मनात बोलती. आपल्याला ऐकू येत न्हाई, त्याला ती काय करील?”

चैत्र सरत आला होता. सलग दुसऱ्या वर्षी पावसानं पाठ फिरवलेली. इस्पितळाच्या विहिरीनं तळ दाखवल्यापासून खिडक्यांवरचे वाळ्याचे पडदे कोरडेच लोंबत असत आणि त्यांतून येणारा वारा वाळ्याचा नव्हे, तापलेल्या मातीचा वास आणी. फिनेल, घाम, मिरची, शिळ्या भाकरीची फडकी, आणि या सगळ्यांवरून मधूनच तरंगत येणारा आवारातल्या कडुनिंबाच्या मोहोराचा मंद, कडवट-गोड सुगंध. सारं रान करपत असताना त्या झाडाला फुलायचं कसं सुचलं होतं, कोण जाणे. आजही कुठे कडुनिंब मोहोरला की मला आधी फिनेल आठवतं, आणि मग ती पांढरी, डोळ्यांत खुपणारी दुपार.

आमच्या कामाला तेव्हा नाव नव्हतं. नगरमधल्या मिशनच्या त्या इस्पितळात रूथबाई पुष्कळ वर्षांपासून ते करत होत्या, आणि लोक त्यांना ‘भेटीची बाई’ म्हणत. ज्यांच्या बाबतीत डॉक्टरांपाशी करण्यासारखं काही उरलेलं नसे त्यांच्या उशाशी बसायचं, आणि ते गेल्यावर त्यांच्या माणसांपाशी व्हरांड्यात बसायचं, एवढंच ते काम. मला परिचारिका व्हायचं होतं. पण रक्त पाहिलं की माझ्या डोळ्यांपुढे अंधारी येई. म्हणून वडिलांनी, ते इथल्याच शाळेत शिक्षक होते, मला रूथबाईंच्या स्वाधीन केलं. पाचगणीच्या वसतिगृहातून आलेली मी, कुणी मोठ्यानं हाक मारली तरी दचकणारी. आणि रूथबाई म्हणजे पांढऱ्या लुगड्यातलं एक घरगुती, खळखळतं हसू. “देवानं कान दोन आणि तोंड एक दिलं,” त्या म्हणत, “फक्त आपल्या पाळकसाहेबांच्या वेळी त्याची मोजणी चुकली.” त्यांनी मला शिकवलेल्या गोष्टी थोड्याच होत्या. खाटेपाशी उभं राहायचं नाही, बसायचं. आपली नजर आजाऱ्याच्या नजरेपेक्षा वर असू नये. रडणाऱ्याला ‘रडू नका’ म्हणायचं नाही. आणि सगळ्यांत अवघड ते हे, की विचारल्याशिवाय सांगायचं नाही, आणि विचारलं तर खोटं बोलायचं नाही. या दोन्हींच्या मधली जी अरुंद जागा, ती आपली, असं त्या म्हणत. लेकीच्या बाळंतपणासाठी त्या सुप्याला गेल्या तेव्हा ती जागा त्यांनी माझ्या हवाली केली, आणि मी तिथे अंग चोरून बसून राहिले.

भागाबाई तिसगावच्या. त्यांचं पोट उघडून डॉक्टरांनी आत पाहिलं होतं आणि काहीही न काढता पुन्हा शिवून टाकलं होतं. ही गोष्ट त्यांचा मुलगा दत्तू याला ठाऊक होती, मला ठाऊक होती. वॉर्डातल्या बहुतेकांना अंदाजानं ठाऊक होती. ठाऊक नव्हती ती एकट्या भागाबाईंना. त्यांना सांगितलं होतं की टाके सुकले की घरी. दत्तूनं पहिल्याच दिवशी डॉक्टरांचे पाय धरले होते. तो दुष्काळी कामावर खडी फोडत असे; तळहातांच्या भेगांत दगडाची पांढरी भुकटी कायमची भरलेली. “आईच्या कानावर घालू नका,” तो म्हणाला होता, “तिचा धीर सुटंल.” त्यांच्याकडे आजाऱ्याच्या खाटेपाशी मरणाचं नाव घेत नाहीत, नाव घेतलं की ते उंबऱ्याशी येऊन उभं राहतं. म्हणून सगळ्यांनी मिळून मोठ्या मायेनं भागाबाईंभोवती एक खोटी आशा विणली होती, आणि भागाबाई त्या आशेत खरोखरच सुखानं राहत होत्या.

त्यांचं सगळं चित्त एका गोष्टीवर लागलेलं होतं. शेजारी त्यांच्या थोरल्या जावेचं घर. बांधावरच्या एका बाभळीवरून दोघींचं बोलणं तुटलेलं. भागाबाईंना बैलगाडीत घालून इस्पितळात आणायला निघाले, तेव्हा ती जाऊ दारात उभी होती आणि इतक्या वर्षांनी एवढंच बोलली, “आडवी चाललीस, आडवीच येशील.” हे मला भागाबाईंनीच सांगितलं होतं, रागानं नव्हे, जणू एखाद्या पैजेची अट सांगावी तसं. “म्या चालत जानार,” त्या म्हणत. “येशीपाशी उतरनार, आन् तिच्या दारावरनं चालत जानार. पदर असा घेऊन. बघच तू.”

जावेच्या त्या बोलण्यामागचं दुःखही त्यांनीच मला सांगितलं होतं, एका संध्याकाळी, सहज. जावेचा नवरा, म्हणजे भागाबाईंचे थोरले दीर, नगरलाच एका दवाखान्यात वारले होते. गावाबाहेर वारलेल्या माणसाला त्यांच्याकडे वेशीतून आत आणत नाहीत. परस्पर नदीकडे नेतात. “घरानं त्यांचं तोंड बगितलं न्हाई,” भागाबाई म्हणाल्या, “आन् त्यांनी घराचं. तवापासनं कडू झाली बिचारी.” मग त्या म्हणाल्या होत्या, “तसं कुनाचं होऊ नये बाई.”

त्या दिवशी सकाळी डॉक्टरांनी मला पडवीत थांबवून इंग्रजीत सांगितलं होतं की फिरत्या दवाखान्याची जीप दुपारी करंजीचा घाट उतरून तिसगावला जाणार आहे, तीत भागाबाईंना नेता येईल. पुढच्या आठवड्यात जीप पुन्हा जाईल, पण तेव्हा नेण्यासारखं काही उरलेलं नसेल. इंग्रजीत ते वाक्य किती स्वच्छ वाटलं होतं, उकळत्या पाण्यातून काढलेल्या अवजारासारखं. मराठीत आणायला गेले की त्याला नाक-डोळे फुटत आणि त्याच्या कपाळावर कुंकू दिसे.

दत्तू उन्हातून धापा टाकत आला. मुकादमाला काय सांगून सुटला होता, देव जाणे. आईच्या पायथ्याशी बसून, ओठांवर हसू ओढून आणत तो म्हणाला, “आई, घरी चल की. जीप चाललीय.”

“टाकं काढल्याबिगर?” भागाबाईंनी डोळे उघडले. “येडा का खुळा तू?”

“हवापालट म्हनून गं.”

“दुस्काळात कसला हवापालट? हंडाभर पानी न्हाई थितं. हितं सिष्टर रोज अंग पुसती.” मग आवाज खाली आणून, पण ठामपणे, “आन् म्या आडवी येनार न्हाई दत्तू. बरी झाले की येईन. पुढल्या जीपीनं.”

पुढल्या जीपीनं. ते दोन शब्द त्या सहजपणे बोलल्या आणि दत्तूच्या चेहऱ्यावरचं हसू जिथल्या तिथे वाळून गेलं. तो उठला, दाराबाहेर रिकाम्या माठांच्या रांगेपाशी जाऊन भिंतीकडे तोंड करून उभा राहिला. मी मागोमाग गेले. अंगणात जीपमध्ये औषधांची खोकी चढवली जात होती. त्यांतल्या बाटल्यांचा किणकिणाट उन्हात विलक्षण मोठा ऐकू येत होता. दत्तू माझ्याकडे न वळताच म्हणाला, “बाई, तुमी सांगा तिला. घरी चल म्हनावं. पर ते सांगू नका.”

ते सांगितल्याशिवाय हे सांगायचं कसं? ज्या मायेनं आम्ही सगळ्यांनी भागाबाईंना सांभाळलं होतं, तीच माया आता त्यांना उंबऱ्यापासून दूर धरून ठेवत होती. आज त्या इथे राहिल्या तर दिरासारख्याच परस्पर नदीकडे जाणार होत्या, आणि ‘तसं कुनाचं होऊ नये’ असं ज्या म्हणाल्या होत्या त्यांनाच आम्ही सत्य कळू देत नव्हतो. मला रूथबाई हव्या होत्या. त्या काय करतील याचा मी विचार केला. पण मला त्यांचा फक्त हसरा चेहरा आठवला, शब्द आठवेना.

मी परत आत आले. वॉर्डात एवढे कान! भाकरी खाणाऱ्या दोघी, खिडकीतल्या खाटेवरची खोकणारी म्हातारी, दारातल्या नव्या बाळंतिणीची आई. या सगळ्यांसमोर मला नुसतं ‘भागाबाई’ एवढंसुद्धा म्हणता आलं नसतं. कोपऱ्यात हिरव्या कापडाचा, चाकांचा घडीचा पडदा उभा होता. पाचगणीला शाळेच्या आजारखोलीत असाच एक पडदा असे. गोवर आला की, घरची आठवण येऊन रडू आलं की, तो ओढून घेतला म्हणजे आपलं असं एक लहानसं जग तयार होई. माझ्या साऱ्या लाजऱ्या बालपणाचा तो आडोसा होता. मी तो पडदा ढकलत आणला. त्याचं एक चाक करकरत होतं. मी भागाबाईंच्या खाटेभोवती तो उलगडला, आत शिरले आणि स्टुलावर बसले.

बाहेर सगळं थांबलं.

आधी ते माझ्या ध्यानातच आलं नाही. मग भाकरी मोडण्याचा आवाज थांबल्याचं जाणवलं, खोकणं थांबल्याचं जाणवलं. पडद्याच्या फटीतून मला दिसलं की मघाची ती बाई हातातला घास तसाच धरून दुसऱ्या हातानं पदर डोक्यावर ओढून घेत होती. बाळंतिणीच्या आईनं लेकीचं तोंड भिंतीकडे वळवलं. कुणीतरी पुटपुटलं, “रामा, रामा.” आणि तेव्हा मला उमगलं की या वॉर्डात हा पडदा केव्हा लागतो. आजवर तो उलगडायच्या आधीच रूथबाई मला नातेवाइकांपाशी व्हरांड्यात पाठवत आल्या होत्या. मी पडद्याबाहेरचं रडणं पाहिलेलं होतं, पडदा लागताना कधीच पाहिलं नव्हतं.

दारातून दत्तूची किंकाळी आली. “आई गं!” तो धावत आला, पडदा एका हातानं बाजूला लोटला, आणि खाटेवर उघड्या डोळ्यांनी त्याच्याकडे पाहणारी आई बघून खाटेच्या कडेला डोकं टेकून बसला.

“मेले न्हाई आजून,” भागाबाई म्हणाल्या. “वरडू नको. लोकं जेवत्यात.”

पण आवाजातली थट्टा ओठांपर्यंत येता येता विरून गेली. त्यांनी मान वळवून पडद्याकडे पाहिलं, डावीकडून उजवीकडे, सावकाश, जसं एखादी बाई विकत घ्यायच्या लुगड्याचा पन्हा नजरेनं मोजते. बाहेरचं पांढरं ऊन त्या कापडातून गाळून आत येत होतं आणि आमच्या तिघांच्याही अंगावर एक हिरवट, थंड उजेड पसरला होता. त्या कोरड्या उन्हाळ्यात कडुनिंबाखेरीज हिरवं म्हणून मी जे पाहिलं ते तेवढंच. त्यांनी दत्तूच्या केसांवर हात ठेवला. मग माझ्याकडे पाहिलं. बसलेल्या माझ्या नजरेइतकीच त्यांची नजर उंच होती.

“ह्यो माझ्यासाठी आनला व्हय?”

दत्तूनं मान वर केली. आईला दिसणार नाही अशा बेतानं तो मला नकार खुणावत होता, नाही, नाही. त्याचे डोळे इतके विनवत होते की मी आजही ते पुसून टाकू शकत नाही. बाहेर जीपचा भोंगा वाजला, एकदा, मग थांबून पुन्हा. मला वाटलं होतं की खरं बोलायला धीटपणा लागतो, मोठा आवाज लागतो, माझ्यापाशी नसलेलं असं काहीतरी लागतं. पण भागाबाईंच्या चेहऱ्यावर भीती नव्हती. तिथे होता तो एकटेपणा. इतके दिवस आम्ही सारे भोवती असताना त्यांनी एकटीनंच सोसलेला. कदाचित त्यांना केव्हापासून ठाऊक असेल. कदाचित त्या आमच्यासाठीच चालत जायच्या गोष्टी करत असतील. ते मला तेव्हा कळलं नाही, आणि पुढे इतकी वर्षं अशा खाटांपाशी बसूनही त्याचं उत्तर मला मिळालेलं नाही.

“म्या चालत जानार हुते,” त्या हळूच म्हणाल्या, कुणालाच उद्देशून नव्हे.

मी स्टूल पुढे ओढलं. वॉर्डातला प्रत्येक कान पडद्याला लागलेला होता, हे मला ठाऊक होतं. मी त्यांचा हात हातात घेतला, आणि सगळ्यांना ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं म्हणाले,

“हो मावशी, तुमच्यासाठीच आणला. आता चालत जाणं व्हायचं नाही. पण तुम्हाला आडवं नेणार नाही. जीपमध्ये बसून चला. मी तुमच्या पाठीला पाठ लावून बसते, थेट तुमच्या दारापर्यंत.”