चांदणी बाजारातला चुडा

रेश्मा कासार लग्न होऊन नेऱ्यात आली आणि पहिल्याच वर्षी सासूच्या मागोमाग बांगड्यांची टोपली घेऊन गावं फिरायला लागली. नेरे, मारुंजी, रिहे, सगळीकडचे हात तिच्या ओळखीचे झाले. ओसरीवर बसून एखादीचा हात हातात घेतला की तिच्या घरातलं निम्मं कळायचं, कारण बांगड्या भरताना कुणाला उठून जाता येत नाही.

पुढे गावांभोवती इमारती उठल्या. बाया कामाला जायला लागल्या, आणि दुपारच्या ओसऱ्या मोकळ्या पडल्या. म्हणून रिह्याच्या खोऱ्यात नव्या वॉटर पार्कनं ‘चांदणी बाजार’ उभा केला आणि आसपासच्या लोकांना गाळे दिले, तेव्हा रेश्मानं हौसेनं एक घेतला.

बाजार दिसायला देखणा होता. फरसबंद गल्ली, वर दिव्यांच्या माळा, काचेची दारं. पार्क सातला बंद झालं की लोक नऊपर्यंत इथं रमतील, असा हिशेब होता. लोक यायचे ते ओल्या केसांनी, खांद्यावर पेंगुळलेलं पोर आणि हातात भिजक्या कपड्यांची पिशवी घेऊन. बाहेर ड्रायव्हर हॉर्न वाजवत असायचा. सगळे गल्लीतून सरळ गाडीकडे जायचे. बसायला एक बाक नव्हता, आणि गावातल्या कुणी यायचं म्हटलं तर पार्कचं तिकीट काढावं लागे.

पार्कचा मॅनेजर शैलेश मनानं चांगला. गर्दी व्हावी म्हणून त्यानं मोठ्या आवाजात गाणी लावली, मग अस्वलाचा पोशाख घालून नाचायला वाल्मीक नावाचा माणूस ठेवला. बघायला कुणी नसल्यामुळे वाल्मीक अस्वलाचं डोकं काखेत मारून रेश्माच्या दुकानात चहा पीत बसे.

एप्रिलात रिह्याच्या अनुसयेचा फोन आला. तिच्या लेकीचं, वृषालीचं लग्न ठरलं होतं, शनिवारी संध्याकाळी चुडा भरायचा होता. त्या घरात तीन पिढ्यांच्या नवरीमुलींना रेश्माच्याच घरानं बांगड्या भरल्या होत्या. पण नऊच्या आत शटर ओढायचं नाही, असा बाजाराचा नियम. रेश्मा रडवेली झाली आणि बोलून गेली, “मला काय येता येत न्हाई. तुमीच सगळ्या हिकडं या.”

अनुसयेनं ते खरंच धरलं. शनिवारी दिवेलागणीला दोन टेम्पो भरून बाया फाटकाशी उतरल्या. वॉचमननं तिकिटं मागितली.

“आमी पान्यात खेळाया न्हाई आलो,” अनुसया म्हणाली. “नवरीला बांगड्या भरायच्यात.”

शैलेश धावत आला. त्यानं त्या बायांकडे पाहिलं, मग मागच्या रिकाम्या गल्लीकडे पाहिलं, आणि पार्किंगच्या बाजूचं छोटं फाटक स्वतःच उघडलं.

एवढ्या जणी दुकानात मावेनात, तेव्हा गल्लीतच सतरंज्या पडल्या. वृषाली पाटावर बसली. रेश्मानं तिचा हात दाबून मऊ केला आणि पहिली हिरवी बांगडी चढवली. कुणीतरी लग्नाचं गाणं धरलं, तसं शैलेशनं स्पीकर बंद केला. पार्कमधून निघालेलं एक पोर सतरंजीवर येऊन लोळलं. त्याला उचलायला आई वाकली, तीही टेकली, आणि थोड्या वेळानं तिनं हळूच आपला हात पुढे केला.

“हात सैल सोडा, ताई,” रेश्मा म्हणाली.

मग दुसरी बसली, तिसरी बसली. ताटकळलेल्या नवऱ्यांना भूक लागली, भेळवाल्याचे कुरमुरे संपले. आपल्या गाडीतली माणसं शोधत आलेले ड्रायव्हर चहाच्या कपासाठी रांगेत उभे राहिले. अस्वलानं नवरीच्या मावशीबरोबर फुगडी घातली. शेवटी वृषाली रीतीप्रमाणे रेश्माच्या पाया पडली, तेव्हा रेश्मानं तिच्या डोक्यावर हात ठेवून आशीर्वाद दिला.

सोमवारी शैलेश तिच्या दुकानाच्या पायरीवर येऊन बसला. ही गर्दी पुन्हा येईल का, असं त्यानं विचारलं.

“ते मला न्हाई ठावं,” ती म्हणाली. “लगीन काय रोज आसतंय व्हय?”

मग दोघांनी मिळून करून पाहायचं ठरवलं. छोटं फाटक बिनतिकिटाचं उघडं राहिलं, बाक आले, ओले कपडे बदलायला खोली झाली. बचत गटाच्या बायांनी पिठलं-भाकरी मांडली. सगळंच जमलं असं नाही. अत्तराचं दुकान उठलं, महागड्या खेळण्यांचंही उठलं, आणि मंगळवारी अजूनही गल्लीत शुकशुकाट असतो. पण शनिवारी खोऱ्यातल्या घरांतून पाहुणे आले की त्यांना बाजारात फिरवून आणायची पद्धत पडली. रेश्माला मदतीला भाची ठेवावी लागली.

पावसाळ्याआधी शैलेशनं गाळेवाल्यांना एक दिवस पार्क मोकळं करून दिलं. रेश्मा आजवर आत कधी गेलीच नव्हती. भाचीनं ढकलत तिला सगळ्यांत उंच घसरगुंडीवर नेलं. वर पोचल्यावर तिनं कठडा घट्ट धरला, परत जिना उतरते म्हणाली. मागून वाल्मीक हसला, तसा तिनं डोळे मिटून हात सोडला. खाली पाण्यात धप्पकन पडली, नाकातोंडात पाणी गेलं. खोकत खोकत उठली, केस मागं सारले आणि भाचीचा हात धरून पुन्हा जिन्याकडे निघाली.