मेस्त्रींची लाल खूण

तेरेखोल नदी केरीजवळ समुद्राला मिळते, त्या मुखाशी पाण्याखाली वाळूची एक पट्टी आहे. दर पावसाळ्यानंतर तिची जागा थोडी बदलते. समुद्रात जाणाऱ्या होडीला या पट्टीच्या अलीकडे मोटर मंद ठेवून थांबावे लागते, मोठ्या लाटा जाऊ द्याव्या लागतात, आणि मग मिळालेल्या उसंतीत एकदम पूर्ण रेस देऊन पट्टी ओलांडावी लागते. मंद चालीवरून पूर्ण चालीवर जाताना मोटर बंद पडली, तर होडी लाटेला आडवी होते. त्यापुढचे केरीत कोणी कोणाला समजावून सांगत नाही.

ती एक घटका कार्बोरेटरवर अवलंबून असते. केरीपासून मोरजीपर्यंतच्या जुन्या मोटरींचे कार्बोरेटर कितीतरी वर्षे एकाच माणसाच्या हातून जात आले: कृष्णनाथ मेस्त्रींच्या. पुढील हकिगत त्यांची पत्नी सत्यवती, सत्यवतींचा भाचा देवेश आणि गावातील वयोवृद्ध शंभू यांनी निरनिराळ्या वेळी सांगितलेल्या गोष्टींवरून जुळवली आहे. स्वतः मेस्त्रींनी फारच थोडे सांगितले. जेथे या सर्वांचे एकमेकांशी जमत नाही, तेथे तसे म्हटले आहे.

कृष्णनाथ तरुणपणी मुरगावला बार्जेसच्या दुरुस्तीचे काम करीत. गावी परतल्यावर त्यांनी घराला लागून पत्र्याची शेड घातली, तिच्यात पाण्याचे एक निळे पिंप ठेवले आणि होडीच्या मागे अडकवायच्या मोटरी घ्यायला सुरुवात केली. पावसाळ्यात होड्या वर ओढल्या की मोटरी शेडमध्ये येत आणि नारळी पौर्णिमेच्या सुमारास परत जात. त्यांच्या कामाची पद्धत शेवटपर्यंत एकच राहिली. कार्बोरेटर उतरवायचा, खालची वाटी उघडायची, पेट्रोल सुकून बसलेला हिरवट चिकटा धुऊन काढायचा. पेट्रोल सोडणाऱ्या जेटच्या बारीक भोकात ते तार कधी घालीत नसत, कारण तारेने भोक मोठे होते. मासेमारीची नायलॉनची तंगूस घालीत. मग फ्लोटची उंची, सुईच्या टोकाचे रबर, नवे गॅस्केट. अलीकडच्या पेट्रोलमध्ये इथेनॉल असल्याने जुनी रबरे फुगतात, असे ते प्रत्येक मालकाला ऐकवीत. बाकावर बसवून ठेवण्याची आणि ऐकवण्याची त्यांना हौस होती. विनम्र म्हणून त्यांची ख्याती मुळीच नव्हती.

सर्वांत शेवटी राहतो एक लहानसा स्क्रू. या मोटरींत तो आत नेला की मंद चालीवरचे पेट्रोल कमी होते, बाहेर काढला की वाढते. त्याची योग्य जागा मेस्त्री कानाने शोधत. मोटर चालू करून ते तिच्याकडे पाठ फिरवत, शेडच्या टोकाच्या माडापर्यंत चालत जात, तेथे उभे राहून ऐकत आणि परत येऊन स्क्रू किंचित हलवत. समाधान झाले की नखांना लावायच्या लाल रंगाची एक बारीक रेघ स्क्रूच्या डोक्यावरून कार्बोरेटरच्या अंगापर्यंत ओढत. पहिली बाटली त्यांच्या मुलीची, संजनाची, लग्नानंतर घरी राहिलेली. पुढच्या बाटल्या म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारातल्या. स्क्रू कोणी हलवला तर रेघ तुटे. रेघ अखंड असेल, तर मोटरीविषयी कोणी काही विचारीत नसे. जुनी मोटर विकतानाही मालक आधी झाकण काढून ती रेघ दाखवत.

कान नेमका कधी गेला, हे निश्चित सांगता येत नाही. सत्यवतींच्या मते सुरुवात कुकरच्या शिट्टीपासून झाली. शेजारच्या खोलीत शिट्टी वाजत राही आणि हे ढिम्म बसून असत. हाक मारली, तर मात्र ओ देत. म्हापशाच्या डॉक्टरांनी यंत्र दिले. शेडमध्ये ते लावल्यावर सगळ्याच आवाजांचा एक गोंगाट झाला, म्हणून मेस्त्रींनी ते काढून जुन्या जेटांच्या डब्यात टाकले आणि सत्यवतींना देवीची शपथ घालून सांगितले की ही गोष्ट उंबऱ्याबाहेर जाता कामा नये. ऐकू न येणाऱ्याकडे मोटर आणणार कोण, हा त्यांचा प्रश्न होता.

त्यानंतर मेस्त्री माडापर्यंत चालत जाईनासे झाले. स्क्रूड्रायव्हरचे टोक मोटरीला टेकवून त्याची मूठ ते दातांत धरू लागले. देवेशला त्याची भारी गंमत वाटली. “मेस्त्री मोटर चाखून बघतत,” तो बाकावरच्या लोकांना म्हणाला. “मीठ कमी पडला तर सांगतले.” सगळे हसले. मेस्त्रीही हसले, पण थोड्या वेळाने. इतरांचे चेहरे पाहून.

दातांना थरथर कळते, आवाजाचा पोत कळत नाही. थरथर सर्वांत कमी होई तेथे मेस्त्री थांबू लागले. पण थरथर सर्वांत कमी असते ती पेट्रोल थोडे कमी पडू लागल्यावर. अशी मोटर पिंपात गुळगुळीत चालते, हळूहळू रेस दिली तरी चालते; एकदम रेस दिली की कार्बोरेटरमधून फसकन शिंकते आणि मरते. म्हणजे दोष बहुधा त्या पट्टीवरच उघडा पडणार होता. मागच्या हंगामात एकदोन होड्या तेथे बंद पडून कशाबशा सावरल्याही होत्या. मालकांनी खापर पेट्रोलवर फोडले. मेस्त्रींनीच त्यांना ते कारण पढवून ठेवले होते.

सत्यवतींनी स्क्रूला कधी हात लावला नव्हता, परंतु त्यांचे स्वयंपाकघर शेडच्या भिंतीला लागून होते. बरोबर लागलेली मोटर मंद चालीवर जराशी जाडसर, पुटपुटल्यासारखी वाजते. आता शेडमधून जाणारी प्रत्येक मोटर पातळ वाजत होती. यंदा आषाढात देवेशच्या जुन्या टू-स्ट्रोक मोटरीचे काम झाले, आणि पिंपात जरा जोरात रेस देताना ती एकदा शिंकून तशीच चालत राहिल्याचे सत्यवतींनी ऐकले. मेस्त्रींनी ते ऐकले नाही. त्यांनी रेघ ओढली.

त्या दिवशी जेवताना सत्यवतींनी हातवारे करून, ओठ हलवून विषय काढला. मेस्त्रींना तो पुरता कळला, असे पुढच्या वाक्यावरून दिसते. “चुलीकडसून मोटर ऐकाक येता काय तुका?” एवढे विचारून ते ताटावरून उठले.

देवेशला सांगावे, तर त्याच्या पोटात काही राहत नाही. दुपारपर्यंत ही गोष्ट म्हापशाच्या बसमध्ये पोहोचली असती. म्हणून मेस्त्री पेडण्याला गेले असताना सत्यवतींनी स्वतःच अंदाजाने स्क्रू थोडा बाहेर काढला, जुनी रेघ पुसली आणि नवी ओढली. मात्र आपल्या रेघेची जाडी माणूस ओळखतो. संध्याकाळी झाकण काढताच मेस्त्रींना ते उमगले. त्यांनी देवेशला बोलावून घेतले.

“माझ्या खुणेक हात कोणी लावल्यान?”

“आवशीची शपथ, मी हात लावूक नाय,” देवेश म्हणाला.

सत्यवती दारात उभ्या होत्या. मेस्त्रींनी दात लावून स्क्रू पुन्हा आपल्या जागी नेला आणि रेघ ओढली. देवेश दुखावला गेला होता. त्याने चार माणसांसमोर सांगितले की मेस्त्रींच्या खुणेला आपण यापुढेही कधी हात लावणार नाही. मोटर जशी मिळेल तशीच मुखाबाहेर नेऊ. शंभूंना हे शब्द नेमके आठवतात, कारण त्या वेळी त्यांनी देवेशची पाठ थोपटली होती.

नारळी पौर्णिमेच्या सकाळी वारा पडला होता, पण समुद्र बसला नव्हता. काठावरून पट्टीवरची पांढरी रेषा दिसत होती. ती फुटे, विझे आणि परत उठे. देवेशची होडी खुंट्याला बांधलेली. मोटर चालू करायची दोरी पहिल्यांदा मेस्त्रींनी ओढायची, असा तेथला प्रघात. त्यांनी ती ओढली, मोटर लागली, आणि ती चालू ठेवूनच शंभूंनी गाऱ्हाणे घातले: तुझ्या लेकरांना सुखरूप बाहेर काढ आणि सुखरूप आत आण. लोक म्हणाले, “व्हय म्हाराजा.” मेस्त्रींचे “व्हय म्हाराजा” सगळ्यांच्या नंतर, एकटेच आले. शंभू म्हणतात, तेव्हाच माझ्या मनात पाल चुकचुकली. देवेश म्हणतो, कोणाच्याच लक्षात आले नव्हते. ही शंका शंभूंना मागाहून सुचली असणे अधिक संभवनीय आहे.

नारळ पाण्यात गेला. देवेश होडीत चढला आणि खुंट्याच्या दोराकडे वाकला. सत्यवती बायकांमधून निघून गुडघाभर पाण्यात उतरल्या, मेस्त्रींजवळ गेल्या आणि त्यांच्या कानाशी हळूच बोलल्या. ते होडीकडे पाहत होते. “मागीर,” म्हणत त्यांनी नंतर बघू असा हात केला. सत्यवतींनी बाही ओढून पुन्हा सांगितले. मेस्त्रींनी मान वाकडी केली. “काय?”

सत्यवतींनी पुढे सांगितले की त्या घटकेपर्यंत त्यांना वाटत होते, यांना हळू आवाजात सांगता येईल. ज्या आवाजात ते ऐकू शकत होते, तो आवाज साऱ्या काठाला ऐकू जाणारा होता. दुसरा आवाज उरलाच नव्हता. दोर खुंट्यावरून अर्धा सुटला होता.

नदीपलीकडच्या माणसाला हाक मारताना लावतात, तसा आवाज त्यांनी लावला.

“स्क्रू आत गेलो हा. मुखार मोटर शिंकतली. तुमका ऐकाक येना नाय, दोन वर्सां झाली.”

मेस्त्रींनी सत्यवतींकडे पाहिले नाही. त्यांनी लोकांच्या चेहऱ्यांकडे पाहिले, एकेकाच्या, आणि तेथे ते वाक्य दुसऱ्यांदा वाचले. मग देवेशला दोर परत आवळायला लावले आणि म्हणाले, “एकदम रेस दी.”

देवेशने रेस दिली. मोटर शिंकली आणि मेली. दोरी ओढून पुन्हा चालू केली, पुन्हा रेस दिली. पुन्हा मेली. होडी खुंट्याला हलकेच आपटत राहिली. पलीकडे पट्टीवर लाट फुटली आणि त्या बाजूला पाहण्याचे प्रत्येकाने टाळले.

मेस्त्रींनी खिशातून स्क्रूड्रायव्हर काढला. या वेळी दातांकडे नेला नाही. “मी फिरयतंय,” ते म्हणाले. “तू सांग.”

सत्यवती ओल्या लुगड्यानिशी होडीच्या मागे उभ्या राहिल्या आणि आवाज जाडसर झाल्यावर त्यांनी हात वर केला. रेस दिली, मोटर गुरगुरून उठली आणि चालत राहिली. लाल रंगाची बाटली घरी राहिली होती. देवेश पुढच्या भरतीला बाहेर गेला आणि मासे घेऊन परत आला. मेस्त्रींच्या हातची, खूण नसलेली ती पहिलीच मोटर.

संध्याकाळी शेडमध्ये माणसे जमली. काहींनी शिव्या दिल्या, काहींनी मोटरी उचलून म्हापशाला नेल्या. मोरजीचा तुषार मागच्या वर्षी पट्टीवर आडवा होता होता वाचला होता; तो नुसता बाकावर बसून राहिला, आणि ते शिव्यांपेक्षा वाईट होते, असे सत्यवती सांगतात. दोन वर्षांत शेडमधून गेलेल्या मोटरींच्या मालकांना एकेक करून निरोप गेले. हाती लागलेली प्रत्येक मोटर पुन्हा उघडली गेली. मेस्त्री फिरवीत, सत्यवती ऐकत.

एक मोटर मात्र मिळाली नाही. तिच्या मालकाने ती पावसाळ्यातच सिंधुदुर्गाकडच्या एका अनोळखी माणसाला विकली होती. त्याने नाव विचारले नव्हते. घेणाऱ्याने मोटर चालवून बघायला मागितली, तेव्हा मालकाने झाकण काढून रेघ दाखवली आणि म्हटले, “मेस्त्रीची खूण आसा, बघूची गरज नाय.” मोटर टेम्पोत चढली आणि पुलावरून नदीपलीकडे गेली.

आता मेस्त्री आठवड्यातून एकदोनदा सकाळच्या बसने शिरोड्याला, कधी त्याच्याही पुढे वेंगुर्ल्यापर्यंत जातात. वाळूवर ओढलेल्या होड्यांमधून हिंडतात, परवानगी मागून मोटरींची झाकणे काढतात. काही जण चोर समजून हाकलून देतात. ते काय ओरडतात ते त्यांना कळत नाही, हातवारे कळतात. तेथे त्या मोटरीचा माग लागला नाही आणि ती बंद पडल्याची बातमीही आली नाही. पण मुखावरच्या सगळ्याच बातम्या केरीपर्यंत येतात, असे मानायला आधार नाही.

मोटर पाण्यात असली की झाकण बसवलेले असते. मुखाकडे निघालेल्या होडीची लाल रेघ काठावरून दिसत नाही.